दुप्पट: घ्यावी की सोडावी
आमचे सासरे चष्मे करतात आणि बॅकगॅमन खेळतात. चष्म्याच्या बाबतीत त्यांची समजूत घालता येते, बॅकगॅमनच्या बाबतीत देवाचं नाव घ्यावं. दुकानामागच्या खोलीत रोज संध्याकाळी ते आणि मामा, म्हणजे सासूबाईंचे थोरले भाऊ, फासे-सोंगट्या मांडून बसत.

एकदा डाव रंगात असताना सासरे "दुप्पट!" म्हणाले. म्हणजे समोरच्याने एकतर दुप्पट गुणांवर खेळायचं, नाहीतर तिथंच हरायचं. मामांनी डाव सोडला.

"भित्रे आहात. दुप्पट घ्यायला हवी होती!" सासरे कडाडले.

जिंकलेला माणूस हरलेल्यावर एवढा चिडलेला मी कधी पाहिला नव्हता.

निवाड्याला कॉम्प्युटर उघडला. एक प्रोग्रॅम म्हणाला, सोडली तेच बरोबर. दुसरा म्हणाला, चूक. मामा पहिल्याची बाजू घेऊन तणतणत घरी गेले आणि अबोला सुरू झाला. सासरे दोन्ही उत्तरं पडद्यावर शेजारी ठेवून, भिंगं बदलत गिऱ्हाइकाला विचारावं तसे आम्हाला विचारू लागले, "आता नीट दिसतंय, की आता?" सासूबाईंचं तोंड मात्र उतरलं. सख्ख्या भावाचं येणं तुटलं, तेही सोंगट्यांपायी! मला तर दोघांचा संताप आला.

नवऱ्याने समजावलं, "बाबा, चारात एकदा तरी जिंकू असं वाटलं तर घ्यायची, हा ढोबळ हिशेब. तुमचा डाव नेमका त्या काठावर. दोन्ही प्रोग्रॅम हजारो डाव स्वतःशीच खेळून शिकलेत, पण वेगवेगळे. पुढची दुप्पट कधी होईल, हा अंदाजही वेगळा. केसभर फरक पडला की उत्तर उलटं."

"म्हणजे माझंच बरोबर," सासरे म्हणाले.

शेवटी सासूबाईंनी फोन लावला. "दादा, यंत्रं हजारदा खेळतात, मग तुम्हा दोघांना काय धाड भरलीय? या आणि तोच डाव खेळा, निकाल लागेपर्यंत."

मामा चपला न काढताच पटासमोर बसले. तेव्हापासून रोज सोंगट्या तशाच मांडून तोच डाव, तेच भांडण. कोण जिंकलं त्याची खडूची रेघ भिंतीवर; शंभर झाल्या की मोजणी. काल मामा खुशीत म्हणाले, "उद्या निकाल लागतोय."

आज सकाळी पाहते तर सासूबाई स्टुलावर चढून ओल्या फडक्याने भिंत पुसतायत.

"अहो आई, रेघा!"

"भिंत फार मळली होती गं," त्या म्हणाल्या. "खेळतील पहिल्यापासून."