फोटोतल्या परक्या बाया

डोळखांबच्या पुढच्या एका पाड्यावर गिरणी आली तेव्हा भात पोटरीला आलं होतं. टेम्पो चढणीला अडकला, तेव्हा बायांनीच मागून ढकलत तो समाजमंदिरापर्यंत नेला. मी सापगावची. शहापूरच्या एका संस्थेत काम करते, आणि या पाड्यावरच्या बचत गटाचं काम माझ्याकडे आहे. नाचणीचं पीठ आणि पापड करून विकायचे, असं गटाने ठरवलं होतं. तोवर दळणासाठी डोक्यावर बोचकं घेऊन घाट उतरायचा, रस्त्यावर जीपची वाट बघायची आणि दिवस मोडायचा, हीच पद्धत होती. म्हणून गिरणीचं सगळ्यांनाच अप्रूप. पाहुणे आले, नारळ फुटला, भाषणं झाली.

पाहुणे गेल्यावर वायरमन आला. त्याने मोटर बघितली, मीटर बघितला आणि म्हणाला, "ही थ्री-फेजवर चालते. तुमच्या पाड्याला सिंगल आहे."

गिरणी देणगीदारांनी मुंबईत बसून निवडली होती. पाड्यावर वीज कुठली आहे, हे ना मला कुणी विचारलं होतं, ना बायांना. आम्ही गिरणीवर तिचंच प्लास्टिक पुन्हा ओढलं आणि वर ताडपत्री टाकली.

थ्री-फेज जोडणी मागायला मी वीज कार्यालयात गेले, तर तिथे ग्रामसभेचा ठराव मागितला. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. त्याबद्दल मी ग्रामपंचायतीत चौकशी केली. "कालच झाली," असं सांगण्यात आलं. पाड्यावर एकाही बाईला निरोप गेला नव्हता. मी तावातावाने बोलले. समोरच्याने शांतपणे चहा मागवला.

गांधी जयंतीच्या ग्रामसभेला आमच्या गटातल्या सगळ्या बाया आल्या. गटाची अध्यक्ष पुढे बसली. नवरा सोडून गेल्यापासून दोन मुली आणि म्हातारी सासू यांचं सगळं तीच बघते. इथल्या सरपंच बाई आहेत, पण शेजारच्या खुर्चीत त्यांचे यजमान बसतात आणि सभा तेच चालवतात. आमचा विषय निघाला तसे ते म्हणाले, "ठराव झाला समजा. बाया आता गेल्या तरी चालंल."

अध्यक्ष उभी राहिली. "भाऊ, मी तुमाला नाय इचारलं. सरपंचताईला इचारते. आमच्या पाड्याला लाइन देनार का नाय?"

मागे कुणीतरी हसलं. सरपंचताईंनी आधी यजमानांकडे बघितलं, मग टेबलाकडे. शेवटी त्या ग्रामसेवकाला म्हणाल्या, "लिहून घ्या. आणि वाचून दाखवा." आवाज इतका बारीक होता की मागच्या बायांना तो ऐकूच गेला नाही. ठराव मात्र झाला. परतताना बाया रस्ताभर बोलत होत्या. मलाही वाटलं, आता महिनाभरात दळण सुरू होईल.

दिवाळी झाली, भात झोडून झालं आणि पाडा रिकामा झाला. दर वर्षी होतो. भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर पोरंबाळं, कोंबड्या, भांडी घेऊन सगळे जातात, ते पावसाच्या तोंडाला परततात. मी वीज कार्यालयाच्या फेऱ्या मारत राहिले. कधी साहेब जागेवर नसायचे. जागेवर असले की फाइल वरच्या कार्यालयात गेलेली असायची. एकदा पाहणीला माणूस आला, पण पाड्यावर दोन म्हाताऱ्यांशिवाय कुणी नाही हे बघून निघून गेला. "वापरणारेच नाहीत, तर लाइन कुणासाठी?" असं त्याने मला फोनवर विचारलं.

त्यातच देणगीदारांनी भेट ठरवली. मी आमच्या प्रमुखांना सांगितलं, "बाया भट्टीवर आहेत, गिरणी बंद आहे. भेट पुढे ढकला."

"पुढे ढकलता येणार नाही," ते म्हणाले. "मुरबाडच्या गटाला बोलावू. त्यांना बोलायची सवय आहे."

"त्या बायांचा या गिरणीशी काय संबंध?"

"एक फोटो तर काढायचा आहे. पुढच्या वर्षीचा कार्यक्रम त्यावर अवलंबून आहे."

मी नको म्हटलं, पुन्हा नको म्हटलं. जीप आलीच. मुरबाडच्या बाया भल्या होत्या, त्यांनाही अवघडल्यासारखं झालं होतं. एकीने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, इथल्या बाया कुठंयत?" मी उत्तर द्यायच्या आत त्यांना गिरणीभोवती उभं केलं. बंद गिरणीत नाचणी ओतली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

तो फोटो फिरत फिरत भट्टीवर पोचला. अध्यक्षबाईचा फोन आला. मागे विटा रचल्याचा आवाज येत होता.

"ताई, गिरनी आमचीच ना? मग ह्या बाया कोन?"

मी खरं ते सगळं सांगितलं.

"आमाला सांगायचं तरी. आमी एक दिस खाडा केला असता. मुकादम बोलला असता, तो तसाबी बोलतोच."

फोन ठेवून मी तशीच प्रमुखांकडे गेले आणि तिचे शब्द जसेच्या तसे ऐकवले. त्यांनी मान हलवली. फोटो तोवर अहवालात छापून गेला होता.

पावसाला बाया परतल्या. लावणी आटोपल्यावर पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेआधी त्या ग्रामपंचायतीत गेल्या आणि दारातच बसल्या. या वेळी महिलांची सभा खरोखर व्हायला हवी, तीही पाड्यावर, एवढंच त्यांचं म्हणणं. सभा झाली. सरपंचताई आल्या. यजमान बाहेर मोटारसायकलवर बसून राहिले. आत सरपंचताई पहिल्यांदा लांबलचक बोलल्या, म्हणाल्या, "मला बी कुनी काय सांगत नाय गो. सह्या तेवढ्या मागतात." त्या दिवशी असं ठरलं की यापुढे महिलांची सभा पाड्यावरच आणि दिवाळीच्या आधी, सगळे घरी असताना होईल. हे एक काम झालं. विजेचे खांब येऊन रस्त्याकडेला पडले आहेत, उभे करायला ठेकेदार यायचा आहे. बाया अजून जीपनेच दळायला जातात.

गेल्या आठवड्यात आमच्या संस्थेच्या कार्यालयातून नवा कार्यक्रम आला: ग्रामीण महिलांसाठी नेतृत्व प्रशिक्षण, जानेवारीत. मी कळवलं की जानेवारीत पाड्यावर कुणी नसतं, भाद्रपदात घ्या, नाहीतर प्रशिक्षण भट्टीवर घेऊन चला.

उत्तर आलं, "ज्या महिला उपलब्ध असतील त्यांना घ्या."

मी पुन्हा तेच कळवलं आहे.