एकतीस किरणांचा सूर्य

प्रातःसंध्या आटोपली, देवपूजा झाली, नैवेद्याची वाटी झाकून ठेवली की मी संगणकापुढे बसत असे. बसण्यापूर्वी पाय धूत असे. तसे करण्यास मला कोणी सांगितले नव्हते. परंतु ज्या कामाला बसायचे त्यात जगातील सर्व राष्ट्रांचे ध्वज होते, आणि ध्वजापुढे धुळीच्या पायांनी जाणे मनाला पटत नसे. दुष्काळाच्या वर्षांत घरातले पाणी तांब्याच्या तळाशी आले, तेव्हा ओल्या फडक्याने पाय पुसू लागलो.

काम असे होते. महाजालावर एक मुक्त ज्ञानकोश आहे. त्यात कोणीही लिहू शकतो, कोणीही दुरुस्ती करू शकतो. त्यातील राष्ट्रध्वजांची चित्रे अचूक आहेत की नाहीत हे पाहणारे आम्ही काही मोजके लोक होतो, एकमेकांना कधीही न भेटलेले. कोणी हौसेने हिरवा रंग गडद करून ठेवी, कोणाच्या चित्रात चांदणीचे टोक जरा कललेले असे, कुठे लांबी-रुंदीचे प्रमाण बिघडलेले असे. त्या त्या देशाच्या कायद्यातील वर्णन शोधायचे, चित्र त्याच्याशी ताडून पाहायचे, चूक असेल तर सुधारायची आणि का सुधारली ते चर्चापानावर लिहायचे. यात वेतन नव्हते आणि कौतुकही नव्हते.

मला हे जमले याचे कारण माझ्या बालपणीच्या पाठशाळेत असावे. तिथे आम्ही मंत्र सरळ म्हणत असू, मग पदे सुटी करून, मग दोन-दोन पदे पुढे-मागे फिरवून. हेतू एवढाच की एक मात्राही जागची हलू नये. पुढे शाळेत संस्कृत शिकवले, निवृत्तीनंतर औरंगपुऱ्यातील एका छापखान्यात पंचांगाची मुद्रिते तपासली. पत्नी गेली आणि छापखान्यात जाणेही नकोसे झाले. परदेशी असलेल्या मुलीने संगणक पाठवला आणि फोनवरून एकेक पायरी सांगत शिकवला. "बाबा, काहीही बिघडत नाही, बिनधास्त दाबा," असे ती म्हणे. तिचे हे म्हणणे पूर्णतः खरे नव्हते.

आमचे घर शहराच्या कडेला, सातारा परिसरात. ते बांधले तेव्हा गच्चीवरून डोंगराची पूर्ण रेघ दिसत असे. मग चहूबाजूंनी इमारती उठल्या. समोरची सात मजल्यांची झाली तेव्हा सूर्योदय मला बराच उशिरा मिळू लागला. अर्घ्य देण्यासाठी मी गच्चीवर ओंजळ धरून, त्या इमारतीच्या दोन टाक्यांच्या फटीतून तो कधी डोकावतो याची वाट पाहत उभा राहत असे. एवढी माणसे राहायला आली, तरी मला ओळखणाऱ्या एक शेजारीणबाईच. नवऱ्यामागे शिवणकामावर मुले शिकवलेल्या, रोज बुद्धवंदना न चुकवणाऱ्या आणि आवाजाने खणखणीत. भिंतीपलीकडून हाक येई, "गुरुजी, टँकर आलाय! तुमचे देश राहू द्या जाग्यावर, कुठं पळत नाय ते. ड्रम लावा आधी!"

दिवसभरात माझ्याशी बोलणारा हा एक आवाज. दुसरा होता तो लिखित.

आफ्रिकेतील एका लहानशा देशाच्या ध्वजावर तीन पट्टे होते, वर काळा, मध्ये तांबडा, खाली हिरवा, आणि काळ्या पट्ट्यात अर्धा वर आलेला तांबडा सूर्य. त्याला एकतीस किरण हवेत असे वर्णनात होते. मी बोटांच्या पेरांवर मोजले तर तीस भरले. चर्चापानावर तसे लिहिले. चित्र काढणाऱ्या सदस्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले : आपण अगदी कडेचा किरण सोडला, तो पट्ट्याच्या रेषेला टेकून आहे. मी पुन्हा मोजले. एकतीस होते. क्षमा मागितली. उत्तर आले, "क्षमा कशाला? इतक्या काळजीने हे किरण आजवर कोणी मोजले नव्हते. तुमच्याकडे पाऊस कसा आहे?"

त्यानंतर तीन वर्षे आमचा पत्रव्यवहार चालला. ध्वजांविषयी चार ओळी आणि शेवटी पावसाविषयी एक. मी माझ्या पुस्तकी इंग्रजीत "महोदय" असा मायना घालून लिहीत असे. मी लिही, यंदाही मृग कोरडा गेला, पैठणच्या धरणात तळ दिसतो आहे. तिकडून येई, आमच्या तळ्याला पाणी फार आहे, पाठवता आले असते तर पाठवले असते. सकाळी ही ओळ आलेली असली की मला जेवण बरे जात असे. मुलीने एकदा फोनवर विचारले, "कोण आहेत हे तुमचे मित्र? नाव काय?" मला नाव ठाऊक नव्हते. वयही ठाऊक नव्हते.

त्याच सुमारास मी देवघरातील टाक बदलले. चांदीच्या पत्र्यावर उठवलेले आमच्या कुलदैवतांचे हे टाक पत्नीने माझ्या घरात पाऊल टाकल्यापासून रोज घासले होते. तिच्या अंगठ्याखाली देवीचे नाक-डोळे कधीच पुसून गेले होते. झिजलेली मूर्ती पूजेत ठेवू नये असा नियम आहे. म्हणून सराफ्यातून नवे टाक घडवून आणले, विधिपूर्वक त्यांची प्रतिष्ठा केली आणि जुन्यांच्याच जागी त्यांना बसवले. जुन्यांचे वाहत्या पाण्यात विसर्जन करायचे असते. परंतु गोदावरीला वाहते पाणी नव्हते. तेव्हा लाल फडक्यात गुंडाळून ते एका डब्यात ठेवले आणि डबा फळीवर ठेवला.

नंतर काही आठवड्यांतच त्या देशाने आपला ध्वज बदलला. तेथील शासनाची सूचना मी तीनदा वाचली. तांबडा पट्टा वर आला, काळा मध्ये गेला आणि अर्ध्या तांबड्या सूर्याच्या जागी ध्वजाच्या मधोमध पूर्ण, पांढरा सूर्य आला. मला मनापासून आनंद झाला. ज्या सूर्याला रोज अर्घ्य द्यायचे तो पूर्ण वर आला, याहून शुभ ते काय! नवे चित्र मी प्रमाणबद्ध तयार केले, नमस्कार केला आणि जुन्या चित्राच्याच जागी, त्याच नावाने चढवले. नाव तेच, स्थान तेच, रूप नवे. टाकांच्या बाबतीत हेच तर केले होते.

त्या कोशात पानोपानी वेगवेगळी चित्रे नसतात हे मला ठाऊक होते. चित्र एकच असते, आणि हजारो पाने त्याला आपल्याकडे बोलावून घेतात. हे माहीत असूनही त्याचा अर्थ त्या दिवशी मला सुचला नाही.

तिसऱ्या दिवशी पत्र आले. त्यात पाऊस नव्हता.

"माझे वडील धावपटू होते. देशाकडून एकदाच परदेशी धावले आणि शेवटून दुसरे आले. त्यांच्याविषयी कोशात एकच ओळ आहे, आणि त्या ओळीच्या आरंभी एक छोटा ध्वज. त्या ध्वजासाठीच हे चित्र काढणे मी शिकून घेतले. काल ते पान उघडले तर त्यांच्या नावापुढे एक असा सूर्य आहे, जो त्यांनी कधी पाहिला नाही. हा ध्वज येण्याआधीच ते गेले. यापुढे मी चित्रे काढीन असे वाटत नाही. आणि मी महोदय नाही. मी त्यांची मुलगी आहे."

 मी त्या देशाची जुनी पाने एकेक उघडली. स्वातंत्र्याच्या दिवसाचे वर्णन, पहिले मंत्रिमंडळ, जुन्या क्रीडास्पर्धांच्या याद्या. सर्वत्र कालपरवा जन्मलेला पांढरा सूर्य. एका कळीने मी एका देशाच्या सगळ्या गतकाळावर आजचे वस्त्र घातले होते.

दुपारी शेजारीणबाई पाण्याची कळशी घेऊन आल्या. टँकर येऊन गेला होता आणि माझा ड्रम कोरडाच होता.

"हाका मारून घसा बसला माझा. आजारी हायेत का काय?" असे म्हणता म्हणता त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि कळशी खाली ठेवली. "काय झालं, गुरुजी?"

मी सर्व सांगितले. त्यांनी पदराने हात पुसले, पडद्याजवळ येऊन पाहिले.

"म्हंजे मेलेल्या बापाच्या फोटोतलं कापड बदललं तुम्ही."

"कापड नव्हे, ध्वज."

"मग झेंडा काय पत्र्याचा असतो व्हय? माझ्या सासऱ्याच्या फोटोत मळकं धोतर हाय. मी शिवणारी बाई, नवी दहा कापडं आणीन. पण फोटोवर चिकटवीन का? माणूस त्या धोतरात गेला, त्याला त्यातच राहू द्यावं."

"जुने परत लावले तर आजच्या पानांवर खोटे ठरते, ताई."

"तर मग दोन्ही ठेवा. जागा नाय का तुमच्या त्या पुस्तकात? का तिथंबी टँकरनंच येतंय सगळं?"

मला हसू आले आणि त्याच वेळी डोळेही भरले. एवढ्या साध्या गोष्टीसाठी माझ्या पाठांतराचा काही उपयोग झाला नव्हता.

जुने चित्र कोशाच्या इतिहासात, म्हणजे आधीच्या आवृत्त्यांच्या नोंदीत, सुरक्षित होते. ते काढून मी वेगळ्या नावाने ठेवले. नावातच त्याचा काळ घातला, अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत. नवे चित्र चालू नावावर राहिले. आता राहिले ते प्रत्येक जुन्या पानावर जाऊन, तेथे कोणत्या वर्षाचा ध्वज हवा हे हाताने लिहिणे. यंत्राकडून ते झपाट्याने करून घेता येते असे एका सदस्याने सुचवले. मी नम्रपणे नकार दिला. चूक माझ्या हाताने झाली होती.

पहिले पान धावपटूचे घेतले. वर्ष लिहिले, जतन केले, पान पुन्हा उघडले. काळा पट्टा, तांबडा अर्धा सूर्य. इतक्या लहान आकारात किरण मोजता येत नाहीत, तरी मी थोडा वेळ पाहत राहिलो. मग तिला लिहिले, "कन्ये, आपल्या वडिलांचा ध्वज त्यांच्यापाशी परत ठेवला आहे. उरलेली पाने मी करीत आहे. आमच्याकडे पाऊस नाही." उत्तर आले नाही.

तो उन्हाळा आणि त्यानंतरची पावसाळ्याची कोरडी नक्षत्रे मी या पानांत घालवली. रोज पूजेनंतर ठरावीक पाने. टँकरच्या वेळी शेजारीणबाई माझा ड्रम स्वतःच भरून ठेवू लागल्या. "झाले का सगळे देश कपडे घालून?" असे विचारीत. समोरच्या इमारतीशेजारी आणखी एक उठली आणि दोन टाक्यांमधली फट बुजली. अर्घ्य मी आता अंदाजाने देऊ लागलो. शेवटचे पान झाले त्या दिवशीही मी तिला एक ओळ लिहिली. तिचे चर्चापान माझ्याच ओळींनी भरत चालले होते. मंदिरात कोणी नसताना घंटा वाजवून यावे तसे ते वाटे.

दोन वर्षे गेली आणि त्या देशाने पुन्हा आपला जुना ध्वज स्वीकारला. उगवता तांबडा सूर्य परत आला. सूचना निघाल्याचे पाहताच मी चित्र तयार ठेवले. पण चढवले मात्र नाही. चर्चापानावर लिहिले, "हे चित्र मूळ जिने काढले तिनेच ते पुन्हा चढवावे, असे मला वाटते. आपण सर्वांनी थोडे थांबावे ही विनंती." एका सदस्याने रागाने विचारले की ज्ञानकोश एका व्यक्तीसाठी चुकीचा किती दिवस ठेवायचा. त्याचे म्हणणे योग्य होते. मी एक दिवस मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी पूजा लवकर उरकली, पाय पुसले आणि पान उघडले. ध्वज बदललेला होता. इतिहासात तिचे सदस्यनाव होते आणि कारणाच्या जागी एकच शब्द, "पूर्ववत". पांढऱ्या सूर्यालाही तिने स्वतंत्र नावाने, त्याच्या दोन वर्षांसह, नीट ठेवले होते. मला लिहिलेले काहीही नव्हते. मी किरण मोजले. कडेचा न सोडता एकतीस भरले.

पुढे एका वर्षी पैठणहून गोदावरीत पाणी सोडल्याची बातमी शेजारीणबाईंनीच आणली. "चला गुरुजी, माझा थोरला गाडीतून नेतो. तुमचे देव पोचवून येऊ."

मी फळीवरून डबा काढला, फडके सोडले. देवीच्या चेहऱ्याच्या जागी गुळगुळीत चकाकी होती, अंगठ्याएवढी. नियम मला पाठ आहे आणि तो चुकीचा आहे असे मी आजही म्हणणार नाही. परंतु मी फडके पुन्हा गुंडाळले, कागदाची पट्टी कापली आणि तिच्यावर दोन वर्षे लिहिली : पत्नी या घरात आली ते आणि ती गेली ते, मध्ये एक आडवी रेघ. पट्टी डब्यावर चिकटवली.

"हे काय लिवलंय?" बाईंनी विचारले.

"यांचा काळ," मी म्हणालो.

त्यांनी पट्टी वाचली.  गाडी नको म्हणून सांगायला त्या खाली गेल्या आणि मी डबा पुन्हा फळीवर ठेवला.