कुलपातलं खोबरेल

मी पदवीधर झालो तो माझ्या मुलुंडच्या आत्यामुळे. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. तालुक्याच्या शाळेतून निघून मला मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा वडिलांना आनंदापेक्षा काळजी जास्त झाली, कारण राहायचं कुठे हे ठरत नव्हतं. आत्याने निरोप पाठवला की स्वयंपाकघर रात्री रिकामंच असतं, तिथे झोपेल. शिक्षण संपेपर्यंत मी तिथेच झोपलो. सकाळी माझा अभ्यास चालू असला की ती मिक्सर लावायची नाही, शेजारणीकडे जाऊन वाटण करून आणायची. दर महिन्याला माझ्या वडिलांना पत्र लिहायची आणि माझे मार्क, माझा खोकला आणि मी जेवणात टाकलेली भाजी हे सगळं सारख्याच गांभीर्याने कळवायची.

आता मी साकीनाक्याला एका कारखान्यात काम करतो. आम्ही कॅम्पर ट्रेलर बनवतो आणि भाड्यानेही देतो. गाडीच्या मागे जोडून न्यायची ही चाकांवरची खोली असते, आत पलंग, छोटा ओटा आणि कमोड. भाड्याने जाऊन आलेल्या ट्रेलरची देखभाल माझ्याकडे आहे. त्यातलं बरंचसं काम दारांचं असतं, कारण लोक समुद्रावर जातात आणि कुलपात वाळू घेऊन येतात. मी आधी हवेच्या नळीने कुलपातली धूळ उडवतो. मग ग्रॅफाइटची पूड सोडतो. ती पेन्सिलीच्या शिशासारखी काळी आणि कोरडी असते. कुलपात तेल घालत नाही, तेलाला वाळू धरते. दार लावताना चौकटीत शिरणारी जी जीभ असते ती पुसून तिला पांढरं ग्रीस लावतो, बिजागऱ्यांना तेलाचा थेंब, दाराच्या रबराला सिलिकॉन. शेवटी दार आतून आणि बाहेरून पुन्हा पुन्हा उघडून बघतो. या कामाबद्दल गिऱ्हाईक कधी काही बोलत नाही. दार उघडलं, यात बोलण्यासारखं काय असणार.

आत्याचं सासर कोकणात आहे. काका गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर वॉचमन झाले आणि म्हातारपणी गावच्या घरी राहायला गेले. आत्याही जाणार होती, पण तिचे गुडघे गेले. गावचा संडास परसात, पायऱ्या उतरून, आणि उकिडवं बसायचा. त्यामुळे ती मुलाकडे मुलुंडलाच राहिली. शिमग्याला गावदेवीची पालखी दारोदार येते, तेव्हा घरातल्या सवाष्णीने ओटी भरायची असते. काही वर्षं ती ओटी आत्याची जाऊ भरत होती. आत्या विचारणाऱ्याला सांगायची, प्रवास झेपत नाही. एका शिमग्याला काकांनी पालखीचं शूटिंग पाठवलं. ते तिने पूर्ण बघितलं आणि फोन पालथा ठेवला.

म्हणून मी मालकांना विचारून शिमग्यासाठी एक ट्रेलर मागून घेतला. तो गावच्या अंगणात उभा केला की झोपायची आणि संडासाची सोय आत, आणि पाऊल टाकलं की स्वतःचं घर. आत्याचा आधी विश्वास बसेना. मग म्हणाली, अगोदर जवळ कुठेतरी एक रात्र झोपून बघू, मुलगी बघायला जातात तसं.

जानेवारीत आम्ही गोराईला एका ओळखीच्या माणसाच्या भाजीच्या वाडीत ट्रेलर लावला. आदल्या दिवशी मी त्याची सगळी कुलपं साफ केली होती. आत्याने पूजेचं ताट आणलं होतं. मी चाकांखाली विटा लावत असताना तिने दाराला आणि चाकांना हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. रात्री ती आतून त्याच कुलपाचा बोल्ट फिरवून झोपली, मी गाडीत झोपलो. सकाळी चांगलीच थंडी होती. ती खिडकीतून हाक मारत होती.

"अरे, हे फिरत नाही."

मी म्हटलं, डावीकडे फिरव.

"डावीकडेच फिरवतेय. मला डावं-उजवं कळत नाही काय?"

बाहेरून किल्लीही अर्धीच फिरत होती. हत्यारांची पेटी आत पलंगाखाली होती आणि आत्याला वाकता येत नव्हतं. खिडकी लहान. वाडीतली माणसं जमली. एकाने दार तोडायचा सल्ला दिला. दुसरा म्हणाला, आजी, चहा खिडकीतून देऊ का? आत्या म्हणाली, दे, पण तो पिऊन होईपर्यंत दार उघडलं पाहिजे.

मी किल्ली ओढून काढली. तिच्या दातांत पांढरट लगदा होता, कुंकवाने लालसर झालेला. वास घेतला, खोबरेल. मग मला सगळा उलगडा झाला. लक्ष्मीपूजनाला ती घरातल्या प्रत्येक कपाटाच्या कुलपात खोबरेलाचा थेंब सोडते आणि वर कुंकू लावते. ट्रेलरच्या कुलपालाही तिने तोच मान दिला होता. पहाटेच्या गारव्यात तेल आत गोठलं होतं. मी वाडीवाल्याकडून लायटर घेतला, किल्ली तापवून आत घातली, फिरवली, काढली, पुन्हा तापवली. बऱ्याच वेळाने बोल्ट सरकला.

आत्या पलंगाच्या कडेला बसली होती, पायांत चपला, मांडीवर पर्स. ती रडलेली नव्हती, पण तिचा हात माझ्या मनगटावरून सुटत नव्हता. बाहेर येऊन बसल्यावर म्हणाली, "गावाला नको रे. पालखी दारात यायची आणि मी आत कोंडलेली. सगळा गाव बघेल."

मी म्हटलं, थंडीने अडकलं. हे खरं होतं, पण अर्धंच.

घरी तिने काकांना कळवून टाकलं की यंदाही येत नाही. कुलपाचं कारण मी तिथे सांगू शकलो असतो. पण माझा आतेभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, तिच्या तेलाची आधीपासूनच चेष्टा करतो. पंखा कुरकुरला की तेल, फ्रिजचं दार वाजलं की तेल. माझं डोकं चालेनासं झालं तर आई कानात तेल सोडेल, असं तो पाहुण्यांसमोर म्हणतो. गोराईची गोष्ट त्याच्या हाती लागली असती तर तिला ती जन्मभर ऐकावी लागली असती. फोनवर तिला नीट ऐकू येत नाही, ओरडून बोललं तर सगळं घर ऐकतं. आणि कारण कळलं नसतं तर त्या दारावर तिचा पुन्हा विश्वास बसला नसता. तेव्हा मी पत्र लिहिलं.

फाल्गुनात ट्रेलर कोकणात गेला. पालखी आली तेव्हा आत्या काकांच्या शेजारी अंगणात खुर्चीवर होती, आणि ओटी तिनेच भरली. मी पाठवलेलं पत्र असं होतं:

आत्या,

नमस्कार. हे पत्र एकटी असशील तेव्हा वाच.

गोराईला दार का अडकलं ते मी तुला अर्धंच सांगितलं. पूजेच्या वेळी तू कुलपात खोबरेल सोडलंस, ते थंडीने गोठलं. जानेवारीत आपण बाटली उन्हात ठेवतो, तसंच. तुझ्या कपाटांना ते चालतं, ती कुलपं जुनी आणि सैल आहेत. या कुलपाचं काम बारीक आहे. एवढंच झालं. ट्रेलरमध्ये काही खोट नाही आणि तुझ्या हातातही नाही. दादाला किंवा वहिनीला मी हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

कुलूप खोलून धुतलं आहे आणि कोरडी पूड भरली आहे. आतला बोल्ट काढून टाकला. त्या जागी आपल्या मोरीच्या दाराला आहे तशी साधी कडी लावली आहे. गावाला मी रात्री पडवीत झोपेन, हाक मारलीस तर ऐकू येईल. कुंकू हवं तिथे लाव, फक्त कुलपात तेल नको.

रविवारी ट्रेलर घेऊन मुलुंडला येतो. कडी तू स्वतः आतून लाव आणि काढ, मन भरेपर्यंत. मी बाहेर उभा राहीन, काही बोलणार नाही. त्यानंतरही नको म्हणालीस तर पुन्हा विषय काढणार नाही. काकांना नाही म्हणून कळवलंस, पण ते अजून पक्कं नाही असं सांगून ठेव.

तुझा भाचा