काचेवरचा दुसरा आरसा

रविवारी सकाळी नऊ ते बारा, भर उन्हात, मी आमच्या खामगावच्या घरासमोर स्वतःच्याच गाडीच्या काचेशी भांडत होते. आणि जिंकले. म्हणून ही पोस्ट.

गाडी माझी आहे. सेकंडहँड आहे, पण शाळेतल्या माझ्या पगारातून घेतलेली. दोन वर्षं रोज चालवते. फक्त माझ्या गाडीत आरसे दोन होते... एक माझा, आणि दुसरा डाव्या सीटसमोर, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्यासाठी असतो ना, तसा.

हा दुसरा माझ्या सासऱ्यांचा. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. तीस वर्षं लाल बसवर ड्रायव्हर होते, जिल्ह्यातला एक रस्ता सोडला नाही. गाडी दारात आली त्याच दिवशी त्यांनी दोन ट्यूबमधला कडक ग्लू कालवला आणि आरसा समोरच्या काचेला चिकटवून टाकला. मला विचारलं नाही. "तुले मांगचं समजत नाही, मी पाहत जाईन," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून गाडी मी चालवायची आणि ड्रायव्हर ते. "दाब." "सोड." "मांगून जीप येऊन राह्यली, घे बाजूले." नवरा म्हणायचा, जाऊ दे ना, म्हातारं माणूस आहे. मीही जाऊ दिलं...

गेल्या महिन्यात बुलढाण्याच्या वाटेवर, बोथ्याच्या घाटात मात्र हद्द झाली. मामाजींच्या डोळ्यात मोतीबिंदू. वळणावरची झाडाची सावली त्यांना ढोरासारखी दिसली आणि ते ओरडले, "दाब." रस्ता मोकळा आहे हे मला दिसत होतं, मागे ट्रक आहे हेही दिसत होतं. तरी मी ब्रेक दाबला, कारण दोन वर्षांची सवय. ट्रक हातभर अंतरावर थांबला. मागच्या सीटवर माझी मुलगी होती.

एका गाडीत दोन ड्रायव्हर चालणार नाहीत, हे मी तेव्हाच ठरवलं. आता कमेंटमध्ये 'वडीलधाऱ्यांचा मान' लिहायला येणाऱ्यांना आधीच सांगते... मान मी घरात भरपूर देते. ब्रेक मात्र माझ्या पायाखाली आहे.

आरसा फिरवला तसा निघाला. पण त्याची लोखंडी बैठक काचेला घट्ट. गॅरेजवाल्याने नखाने टकटक करून पाहिलं आणि म्हणाला, "म्याडम, काच फुटन. पुरी काच बदला लागन. आन आधी सायबाले इचारून या."

काच फुटेल हे मी ऐकून घेतलं असतं. 'सायबाले इचारून या' म्हणाला तिथं माझं डोकं सटकलं. गाडी वळवली आणि सरळ घरी आले.

हत्यारं काय, तर केसांचा ड्रायर, एक्स्टेंशन बोर्ड आणि काळी पोत ओवायचा नायलॉनचा दोरा. बैठक हळूहळू तापवायची, घाई केली तर काच जाते. ग्लू नरम झाला की दोरा मागे सरकवून करवतीसारखा इकडून तिकडे ओढायचा. दोन दोरे तुटले, बोट कापलं. शेजारचे काका दोनदा फाटकाशी येऊन "मी देऊ का काढून?" विचारून गेले. नको म्हटलं.

सासूबाई ओट्यावर तूर निवडत होत्या. वाटलं, आता आपल्याला ऐकावं लागणार. तर म्हणतात कशा, "याइच्या बसमंदी पाटी राहे, डायवरसंगं बोलू नका म्हनून. तीस वर्षं कोनाले बोलू देलं नाही." आणि तिसरा दोरा त्यांनीच आणून दिला.

बाराच्या सुमारास कट्ट आवाज झाला. वाटलं, गेली काच... पण बैठक माझ्या हातात होती आणि काच शाबूत. उरलेला ग्लू ब्लेडने खरवडला, नेलपॉलिश रिमूव्हरने पुसून काढला. इतकी स्वच्छ काच मी दोन वर्षांत पाहिली नव्हती.

मामाजी बाहेरून आले, पाहिलं, आणि आत गेले. मंगळवारी मी त्यांना डोळे दाखवायला बुलढाण्याला नेणार होते. आदल्या दिवशी म्हणाले, "मी बसनं जातो." मी म्हटलं, जा, पण माझी गाडी सातला निघेल. पावणेसातला ते डाव्या सीटवर बसलेले होते.

घाट लागला. समोर नुसती काच, ते आपले हात मांडीवर ठेवून बसलेले. पहिलं वळण गेल्यावर हळूच म्हणाले, "मांगं काय हाय?"

दोन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा काही विचारलं होतं.

"ट्रॅक्टर आहे मामाजी. लांब आहे अजून."

"हाव," म्हणाले, आणि डोकं मागे सीटला टेकवलं.

पन्नास माणसं ज्याच्या भरवशावर घाटात झोपायची, त्याला आता मागे काय आहे हे विचारावं लागतं. ते विचारतील तितक्या वेळा मी सांगेन, न कंटाळता सांगेन... पण तो आरसा परत लागणार नाही.