लेंड्यांची उसनवारी

काळविटाच्या लेंड्या गोळा केल्याबद्दल सरकार पगार देतं, हे माझ्या मायला शेवटपर्यंत पटलं नाही. शेजारणींना ती सांगायची, पोरगा कचेरीत आहे.

सत्तरच्या दशकात मी परभणीत राहून काळविटांच्या पोटातल्या परजीवींचा अभ्यास करत होतो. काळविटाला हात लावायचा नाही. जिंतूरकडच्या माळावर फिरून त्याच्या ताज्या लेंड्या पत्र्याच्या डब्यांत भरायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. डबे मांडीवर घेऊन मी एसटीनं परतायचो. (शेजारचा प्रवासी हमखास विचारायचा, डब्यात काय आहे? मी म्हणायचो, नमुना. एकानं तर चव बघायला मागितली!) प्रयोगशाळेत फ्रीज नव्हता, म्हणून डबे आमच्या घरी माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवत असे. मायनं त्याला कधी हरकत घेतली नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

त्या हिवाळ्यात माझ्या हाती घबाड लागलं. जो परजीवी फक्त शेळीच्याच पोटात राहतो असं सगळी पुस्तकं सांगत होती, त्याची अंडी मला काळविटाच्या लेंड्यांत दिसली. पुन्हा पाहिलं, पुन्हा दिसली. दुसऱ्या डब्यात तर नुसता बुजबुजाट! मी हवेत तरंगायला लागलो. माझी नोकरी तात्पुरती होती. हा शोध मान्य झाला तर ती कायम होणार, नाही तर मी घरी बसणार. पेपरात फोटो आला तर भांग कुठल्या बाजूला पाडायचा, इथपर्यंत माझी तयारी झाली.

माझे मार्गदर्शक असलेल्या सरांना मी तातडीनं कळवलं. सर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सूर्य उगवला हेही न मानणारे. ते परभणीला आले, सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, लांबलचक "हं" केलं आणि म्हणाले, निबंध लिहायला घ्या. मी आनंदाच्या भरात त्यांना घरी जेवायलाच घेऊन आलो.

मायनं परसातल्या वांग्यांची भरली वांगी केली होती. सर सहसा कशाचीच स्तुती करत नसत, पण वांगी त्यांनी पुन्हा मागून घेतली आणि मायला विचारलं, खत कोणतं घालता?

"ह्याच्याच डब्यातलं," माय खुशीत म्हणाली. "जिंतूरहून इतकं जपून आनायलाय, म्हनलं सरकारी खत असंल, लय भारी."

माझा घास तोंडातच राहिला. डब्यातलं तू काढलंस? मी कसंबसं विचारलं.

"उसनं घेतलं, बाबा. फुकट न्हाई." आता ती दुखावली होती. "वाटीनं घेतलं अन् वाटीनं परत टाकलं. वर शीग लावून."

साखर असो, पीठ असो, उसनं नेलेलं शीग लावूनच, म्हणजे मापावर रास चढवूनच परत करायचं, हा मायचा नेम होता. गल्लीत त्यासाठी तिचं नाव होतं.

"परत काय टाकलंत?" सरांनी शांतपणे विचारलं.

मायनं मागच्या दाराकडे बोट दाखवलं. तिथे आमची शेळी रवंथ करत उभी होती.

(शेळीच्या आणि काळविटाच्या लेंड्या दिसायला सारख्याच असतात. हे मला माहीत होतं. माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर मीच तसं लिहिलं होतं.)

नोकरी गेली, हे मी मनातल्या मनात मान्य करून टाकलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सरांनी मात्र ताटातलं वांगं संपवलं, सावकाश हात धुतले आणि म्हणाले, "तुमचं निरीक्षण अचूक आहे. शेळीच्या लेंड्यांत शेळीचाच परजीवी तुम्ही बरोबर ओळखलात."

त्यांनी मला नोकरीची मुदत वाढवून दिली, डबे घरी ठेवायचे नाहीत या अटीवर. ते गेल्यावर मायला एकच काळजी लागली होती.

"म्हंजे आपल्या शेळीच्या पोटात जंत हायेत? मग औषध आन की तिला."

आणलं. शेळी टुणटुणीत झाली आणि मायनं ही बातमी गल्लीभर केली. पुढे मला काळविटांवरच डॉक्टरेट मिळाली. पण दारात कोणी "डॉक्टर हायेत का?" म्हणून आलं, की मी आजही आधी त्याच्या हातात शेळीची दोरी आहे का ते बघतो.