टाकीची चावी

कुर्ल्याच्या त्या गॅरेजवाल्याला बॉनेट उघडायची कधीच घाई नसते. आधी तो माझ्या जुन्या ट्रकच्या मागे उभा राहून डोळे मिटून धूर हुंगतो. ट्रकला तो आजी म्हणतो.

त्या दिवशी आजी चढावर धापा टाकत होती. त्याने टाकीतलं डिझेल बोटांवर घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं. रॉकेलचा वास मलाही आला. माझा ड्रायव्हर डिझेल काढून विकत होता आणि वर रॉकेल ओतत होता, दुसरं काय! मी तोंड उघडणार तेवढ्यात, ड्रायव्हरकडे न बघताच, तो म्हणाला, "झाकण ढिलं आहे ना शेठ, कोण पण हात मारतंय. आजीला काय पण पाजतात लोक."

त्याने टाकी धुतली, फिल्टर बदलला, कुलपाचं नवं झाकण बसवलं. चावीसाठी मी हात पुढे केला, तर त्याने ती ड्रायव्हरच्या खिशात टाकली. "आता तू सांभाळ रे. काय झालं तर शेठ तुलाच विचारणार."

मला राग आला तो आलाच. पण आजी तेव्हापासून चढावर थांबलेली नाही. दुसरी चावी गॅरेजवाल्याच्या ड्रॉवरमध्ये आहे. मी अजून मागितलेली नाही.