खारट काथ्या

जावातल्या सालातिगा गावात सोयाबीन आंबवून टेम्पेच्या वड्या करणारी वेनिंग तिच्या नाकासाठी ओळखली जाई. घाणा जमलाय की बिघडलाय, हे ती दारातूनच सांगे. म्हणूनच तिच्या सापाच्या काचपेटीला कुबट वास येऊ लागला, तेव्हा ते तिच्या मनाला लागलं.

साप लहानसा, काळसर; उन्हात धरला की अंगावर इंद्रधनुष्य उमटे. ओल्या मातीत घुसून राहणारी ही जात. पण हा वरच पडून राहायचा. पेटीत खाली अंथरलेला काथ्याचा भुसा किनाऱ्याकडून आलेला होता. सापाची घाण खाऊन पेटी साफ ठेवतील म्हणून त्यात सोडलेले राखाडी किडे दोनदा मेले.

"रविवारपर्यंत वास गेला नाही, तर भातखाचरात सोडून येईन त्याला," सासू म्हणाली.

"इबू, तुमच्या सुक्या मासळीला मी कधी नाक मुरडलं?"

"मासळी पानात वाढता येते गं. हा येतो का?"

वेनिंगनं चिडून भुशाची चिमूट उचलली, हुंगली आणि जिभेवर ठेवली.

"झालं!" नवरा तार्नो ओरडला. "आता माती खायला लागली!"

"खारट आहे!" ती उडीच मारून उठली. "नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात कुजवली असणार. किडे मरणार नाहीत तर काय?"

मग तिला धीर धरवेना. भुसा पाणी गोडं लागेपर्यंत धुतला. बांबूच्या बेटाखालची काळी माती, नदीची वाळू, भाताच्या तुसांचा कोळसा, सगळं मिसळून मुठीत दाबून पाहिलं: गोळा बसला, पण पाणी टपकलं नाही. वर जंगली बदामाची वाळकी पानं. किडेही त्याच बेटातले.

शुक्रवारी पानांवर पांढरी लव आली.

"बुरशी!" इबू म्हणाली. "चल, पिशवी आण."

वेनिंगनं पेटीत नाक खुपसलं. टेम्पेवर अशीच पांढरी लव धरून घाणा जमतो, त्या सकाळचा वास. "इबू, ही चांगली आहे. किड्यांचं जेवण वाढलंय. बघा, आलेत पंगतीला!"

पानांखाली खरंच राखाडी गर्दी हलत होती. तेवढ्यात सापानं डोकं मातीत खुपसलं. अंगावरचे रंग एकामागून एक आत गेले, शेवटी शेपटीचं टोकही. वेनिंगनं तार्नोचा दंड इतका आवळला की तो कळवळला.

रविवारी सकाळी इबू पेटीपाशी उकिडवी बसलेली दिसली. आधी तिनं खोल वास घेतला. मग काचेला गाल टेकून कितीतरी वेळ आत पाहत राहिली.

"एवढा खटाटोप केलास," ती कुरकुरली, "आणि मेला आता तोंडसुद्धा दाखवत नाही!"